हवा काढलेली बरणी : विजेशिवाय डाळ, मसाला व बियाणे साठवण

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



पेरणी, खते, पाणी हे विषय सोडून विद्यापीठाचा माणूस बरण्या आणि सायकलचा पंप घेऊन का आला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मी कृषिविद्येचा माणूस आहे, कीटकशास्त्राचा नव्हे. पण बियाण्याची उगवण कमी झाली म्हणून शेतकरी जेव्हा आमच्याकडे येतात, तेव्हा पुष्कळदा दोष जमिनीचा नसतो, पावसाचा नसतो आणि वाणाचाही नसतो. बी पावसाळ्याच्या चार महिन्यांत घरातल्या घरातच मेलेले असते. म्हणून आज शेताच्या बांधापासून निघून थेट आपल्या माजघरात जाऊ.

हरभऱ्याचे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि पेरायचे असते ऑक्टोबरमध्ये. कांद्याचे बी एप्रिल-मेमध्ये गोंड्यांतून झाडले जाते आणि रब्बीची रोपे टाकायला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागते. तूर जानेवारीत घरात येते आणि वर्षभर पुरवायची असते. या सगळ्यांना आषाढ-श्रावण ओलांडावा लागतो, आणि नेमक्या त्याच काळात हवा दमट, ऊब बेताची आणि किडींची चंगळ असते. शीतगृहाची सोय सगळ्यांना परवडत नाही, आणि भारनियमनाच्या गावात विजेवर चालणारे यंत्र घेऊन ते कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. विजेशिवाय, हाताच्या जोरावर बरणीतली हवा काढून माल टिकवता येतो का, असा प्रश्न महिला बचत गटांच्या बैठकांत मला वारंवार विचारला गेला. टिकवता येतो. मात्र त्याच्या अटी आहेत, आणि त्या अटी पंपापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

कल्पना जुनीच आहे

हवा तोडून धान्य राखणे ही परदेशातून आलेली नवलाई नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आपल्याला ऐकून माहीत असतील. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे हे पेव भरून तोंड मातीने लिंपून टाकले, की आतला माल वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली बरीच पेवे निकामी झाली, पण त्यांची कीर्ती अजून आहे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, तोंड बराच वेळ उघडे ठेवायचे, दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा आणि तो विझला तर माणसाने उतरायचे नाही, हा जुना दंडक. असे का? आतला प्राणवायू संपलेला असतो आणि त्याच्या जागी कर्बवायू साठलेला असतो. ज्या हवेत माणूस गुदमरतो, त्याच हवेत भुंगेराही गुदमरतो. पेवाच्या टिकाऊपणाचे रहस्य एवढेच आहे.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ लॅरी मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ पासून आफ्रिकेतील कॅमेरून देशात हेच तत्त्व चवळीसाठी वापरले. तेथील लहान शेतकऱ्यांची चवळी भुंगेऱ्याने काही महिन्यांत पोकळ होत असे. त्यांनी जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालून बाहेरून विणलेले पोते चढवले आणि तोंडे घट्ट बांधली. ना औषध, ना वीज. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. तिच्याकडे मी शेवटी येईन, कारण क्विंटलच्या हिशोबाचा माल बरणीत मावत नाही.

कीड मरते कशी?

कडधान्यावरचा भुंगेरा समजून घेतला, तर बाकीचे सगळे सोपे होते. याची सुरुवात घरात नव्हे, शेतात होते. तूर, मूग, चवळी यांच्या पक्व शेंगांवर मादी अंडी घालते आणि आपण ती अंडी खळ्यावरून घरी आणतो. दाण्यावर मोहरीपेक्षाही लहान पांढरा ठिपका चिकटलेला दिसतो, तेच अंडे. एक मादी ८० ते १०० अंडी घालते. अळी अंड्यातून निघते ती थेट दाण्यात शिरते, आतूनच खाते, आतच कोष करते आणि साधारण महिन्याभराने गोल भोक पाडून भुंगेरा म्हणून बाहेर येते. बाहेर आलेला भुंगेरा दाणा खातच नाही, तो फक्त पुढची अंडी घालतो. म्हणजे आपल्याला भुंगेरे दिसू लागतात तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते, आणि चाळून-पाखडून काढलेल्या भुंगेऱ्यांच्या मागे दाण्यांच्या पोटात पुढची पिढी वाढतच असते. उन्हात घातले, भुंगेरे पळाले, आता झाले काम, असे म्हणणाऱ्यांची तूर पुन्हा महिन्याने का फुटते, याचे कारण हेच.

मग दाण्याच्या पोटातल्या अळीपर्यंत पोचायचे कसे? औषधाची भुकटी तेथवर जात नाही. पण हवेची टंचाई मात्र पोचते. नेहमीच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो साधारण ५ टक्क्यांच्या खाली आला, की अळी खाणे थांबवते. गंमत अशी, की ती केवळ गुदमरून मरत नाही, तहानेनेही मरते. कोरड्या दाण्यात राहणाऱ्या या किडीला प्यायला पाणी कोठे असते? ती खाल्लेले अन्न प्राणवायूच्या साहाय्याने शरीरात जाळते आणि त्यातून निर्माण होणाऱ्या पाण्यावर जगते. प्राणवायू तुटला की तिचे पाणी तुटते आणि ती वाळून जाते. म्हणूनच दाणा जितका कोरडा, तितका हवाबंद साठवणीचा परिणाम चांगला.

येथे एका गैरसमजाबद्दल सांगतो. डब्यात पेटती मेणबत्ती ठेवून झाकण लावायचे, ती विझली की आतला प्राणवायू संपला, अशी युक्ती सांगितली जाते. मेणबत्ती विझते तेव्हा आत १६ टक्क्यांच्या आसपास प्राणवायू शिल्लक असतो. त्यात भुंगेरा मजेत राहतो. शिवाय जळताना निघालेली वाफ डब्यात राहते ती वेगळीच.

आधी वाळवण, मग बरणी

आता मी जे सांगणार आहे ते नीट लक्षात घ्या, कारण पंप चांगला आणि वाळवण कच्ची अशा बरण्यांनीच माणसे निराश होतात. निर्वात बरणी ओलावा बाहेर टाकत नाही. ती ओलावा आत कोंडते. उघड्या पोत्यात ओलसर हरभरा निदान हळूहळू सुकतो तरी; बंद बरणीत तो ओलसरच राहतो. खायचा असेल तर त्याला कुबट वास येतो, आणि बियाणे असेल तर ते मरते. कोरडे बी जवळजवळ झोपलेले असते, त्याला प्राणवायू नसल्याने काही बिघडत नाही. ओले बी मात्र जागे असते, श्वास घेत असते. त्याचा श्वास कोंडला की अंकुर संपला.

बियाणे प्रमाणीकरणाच्या मानकांत हा फरक स्पष्ट दिसतो. तूर व हरभऱ्याच्या बियाण्यात साध्या पोत्यात जास्तीत जास्त ९ टक्के ओलावा चालतो, पण बाष्परोधक, म्हणजे ओलावा न जाणाऱ्या, डब्यात भरायचे असेल तर ८ टक्क्यांच्या वर चालत नाही. ज्वारीला हेच आकडे १२ आणि ८, तर कांद्याच्या बियाला ८ आणि ६ आहेत. बंद डब्याची अट अधिक कडक आहे, सैल नव्हे. ओलाव्याची ही काटकसर फुकट जात नाही. ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान ओलावा एका टक्क्याने कमी केला, की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील ठोकताळा आहे.

ओलावामापक यंत्र प्रत्येकाकडे नसते. मिठाची चाचणी आपल्याला माहीत असेल. तव्यावर कोरडे केलेले दोन-तीन चमचे मीठ आणि मूठभर दाणे कोरड्या काचेच्या बाटलीत घालून मिनिटभर हलवायचे आणि पंधरा मिनिटे ठेवायचे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. चाचणी खरी आहे, पण मीठ चिकटले नाही म्हणजे दाणा बरणीत भरण्याजोगा झाला असे मुळीच नाही. १५ पासून ८ पर्यंतचा प्रवास बाकी असतो. त्यासाठी तराजूच अधिक विश्वासाचा. वाळत घातलेल्या मालातील एक किलो दाणे वेगळ्या ताटात त्याच उन्हात ठेवा आणि रोज सायंकाळी वजन करा. सलग दोन दिवस वजन दोन-तीन ग्रॅमहून अधिक घटले नाही, तर त्या हवेत दाणा जितका वाळू शकतो तितका वाळला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, नगर-सोलापूरकडे एप्रिल-मेची दुपार इतकी कोरडी असते, की कडधान्य या पद्धतीने हव्या त्या टप्प्याला येते. कोकणात मात्र समुद्राची दमट हवा आडवी येते. तेथे वजन घटायचे थांबले तरी ओलावा बराच उरलेला असतो, म्हणून कोकणातील बंधूंनी बियाण्यासाठी सिलिका जेल वापरावे. बियाण्याच्या वजनाइतके कोरडे सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून त्याच बंद बरणीत आठवडाभर ठेवावे आणि मग पुरचुंडी काढून घ्यावी. निळे खडे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले. मंद आचेवर तापवले की ते पुन्हा निळे होतात. हे खडे बियात किंवा डाळीत मोकळे मिसळू नयेत, आणि ते तापवायला स्वयंपाकाचा तवाही वापरू नये.

वाळवण ताडपत्रीवर, पातळ थराने करावी. डांबरी रस्त्यावर नको. बियाणे असेल तर भर दुपारच्या तापलेल्या फरशीवरही नको, कारण बियाचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाऊ देणे धोक्याचे आहे. उन्हातून उचललेला गरम माल लगेच बरणीत भरू नका. काच निवते, आतल्या बाजूला पाणी सुटते आणि केलेली मेहनत वाया जाते. दुसऱ्या टोकाला, निवायला म्हणून रात्रभर अंगणातही ठेवू नका, दवाने तो पुन्हा ओल धरतो. ऊन उतरल्यावर सावलीत कापडाखाली निवू द्या आणि त्याच सायंकाळी बंद करा.

बरणी, झाकण आणि पंप

बरणी काचेची, जाड आणि गोल असावी. चौकोनी बरणीच्या सपाट बाजूवर हवेचा दाब एकवटतो आणि ती तडकू शकते. पातळ प्लॅस्टिकचा डबा तर आतच चिपकतो. झाकणाच्या आत रबराचा किंवा मऊ लेपाचा अखंड कडा हवा. मध, जॅम, लोणची यांच्या बाटल्यांना असे पत्र्याचे झाकण असते. लेपाला चीर किंवा वास असेल तर ते झाकण बाजूला टाका. लोणच्याच्या झाकणाचा वास वर्षभर तुमच्या डाळीत उतरेल.

हवा काढायला तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे झडपेचे झाकण आणि छोटा हातपंप असलेले तयार डबे. ते बाजारात मिळतात, पण लहान असतात. दुसरी म्हणजे गॅरेजमध्ये ब्रेकचे तेल ओढण्यासाठी वापरतात तो काटा असलेला हातपंप. हा पंप नवा घ्या, ब्रेकच्या तेलाचा जुना अन्नासाठी वापरू नका. तिसरी वाट सायकलच्या पंपाची. या पंपाच्या दांड्याला चामड्याचा किंवा रबराचा वाटीसारखा वायसर असतो आणि वाटीचे तोंड खाली असते, म्हणून दाबताना हवा ढकलली जाते. तो वायसर काढून उलटा बसवला, वाटीचे तोंड वर केले, की तोच पंप वर ओढताना हवा शोषतो. पंपाच्या बुडाशी एकतर्फी झडप असेल तर ती काढावी लागते. सायकल दुकानदाराला हे दहा मिनिटांचे काम आहे. वायसरला एरंडेलाचे दोन थेंब दिले की पकड सुधारते.

झाकणाच्या मध्यभागी बारीक खिळ्याने एक छिद्र पाडा, त्याची टोचणारी कड कानशीने घासून काढा आणि झाकण धुऊन कोरडे करा. छिद्रावर सायकलच्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा ठेवा आणि त्याच्या दोन समोरासमोरच्या कडा वायरमनच्या चिकटपट्टीने पक्क्या करा. बाकीच्या दोन कडा मोकळ्या राहू द्या. ही झाली झडप. पंपाच्या नळीच्या टोकाला रबरी वाटी बसवा. भिंतीच्या फरशीला चिकटणारे आकडे मिळतात, त्यांची मोठी वाटी मध्ये भोक पाडून चालते. वाटी झडपेवर दाबून धरली आणि पंप ओढला, की रबर किंचित उचलले जाऊन हवा बाहेर येते. ओढ थांबली की बाहेरची हवाच रबराला छिद्रावर दाबून बसवते. पीठ, हळद, तिखट अशा पुडीच्या वस्तू असतील तर वर कागदाची गोल चकती ठेवा, नाहीतर पूड झडपेत अडकते आणि बरणी रात्रीत हवा धरते.

हवा किती काढायची? कोकणात समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांइतका असतो, तर पुणे-नगरच्या उंचीवर तो २८ च्या आसपास. म्हणून घाटावर काटा कधीच कोकणाइतका वर जाणार नाही, त्यात पंपाचा दोष नाही. घाटावर काटा २० इंचांवर आला, तर बरणीत उरलेला प्राणवायू साध्या हवेतील साडेपाच टक्क्यांच्या बरोबरीचा असतो. २४ वर आला तर तीन टक्क्यांच्या आत येतो. आपल्याला २४ च्या जवळ जायचे आहे. काटा नसेल तर पंप ओढायला जड जाऊ लागल्यावर आणखी वीसेक वेळा ओढा. तेव्हा सात सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर हवेचा सुमारे ३० किलोचा भार बसलेला असतो. म्हणून पंप मारताना बरणीभोवती जाड टॉवेल गुंडाळा, मुलांना दूर ठेवा आणि ओरखडा पडलेली बरणी या कामाला घेऊच नका.

बंद केल्यावर चिठ्ठी लावा : काय भरले, कोणत्या तारखेला. दुसऱ्या दिवशी आणि नंतर दर पंधरवड्याला झाकणाचा मध्य बोटाने दाबून पाहा. खाली ओढलेले झाकण घट्ट लागते. टिक्‌ आवाज करून वर-खाली होत असेल तर हवा शिरली. अशी बरणी पुन्हा ओढा, आणि दुसऱ्यांदाही सुटली तर झाकण बदला. किडीची शंका असलेल्या मालाची बरणी निदान महिनाभर उघडू नका. अंडी आणि कोष हे चिवट असतात, चार-आठ दिवसांत हवा लागली तर ते वाचतात.

ज्यांना पंपाची कटकट नको, त्यांच्यासाठी लोखंडाच्या भुकटीच्या छोट्या पुड्या मिळतात. लोखंड गंजते आणि गंजताना प्राणवायू खाते, एक ग्रॅम लोखंड सुमारे ३०० मिलिलिटर. पाच लिटरच्या बरणीत चार किलो डाळ गच्च भरली, तरी दाण्यांच्या मधल्या फटींत दोन लिटरच्या आसपास हवा असते आणि तीत चारशे मिलिलिटरच्या पुढे प्राणवायू. तेव्हा ‘५००’ लिहिलेली पुडी पुरते. पाकीट फोडल्यावर उरलेल्या पुड्या लगेच छोट्या बंद बाटलीत ठेवाव्यात, अर्ध्या तासात त्या उघड्या हवेतच खर्ची पडू लागतात. साखरेच्या बरणीत पुडी घालू नये, साखरेचा दगड होतो.

काय भरावे, काय भरू नये

डाळी, अख्खी कडधान्ये, सुके खोबरे, भाजलेले तीळ, शेंगदाणे, सुकी मिरची, हळद, मसाले आणि बियाणे यांना ही पद्धत लाभदायक आहे. तेलकट वस्तूंना तर विशेष, कारण खवटपणा हा मुळात तेल आणि प्राणवायू यांच्या संयोगाचाच परिणाम असतो. मात्र शेंगदाण्याला आधीच बुरशी लागली असेल, तर तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष हवा काढून जात नाही आणि भाजूनही पूर्ण जात नाही. काळवंडलेले, सुरकुतलेले दाणे वेचून फेकून द्यावेत, गुरांनाही घालू नयेत.

ओले खोबरे, सोललेला लसूण, अर्धवट वाळलेली भाजी, खवा, शिजवलेले कोणतेही अन्न या बरणीत मुळीच भरू नका. बोटुलिझम नावाची घातक विषबाधा करणारा जिवाणू नेमका प्राणवायू नसलेल्या ओलसर जागेतच वाढतो. अशा अन्नाला वास किंवा चव बिघडल्याची खूण असेलच असे नाही. हवा काढलेली बरणी म्हणजे कारखान्यातला उष्णतेने निर्जंतुक केलेला डबा नव्हे. जे दाताखाली कट्टकन तुटते तेच बरणीत जावे.

आणि आता ज्या कारणासाठी मी हा विषय आग्रहाने मागून घेतला, ते सांगतो. कणगीत, कोठीत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकण्याची सवय अजून गेलेली नाही. दुकानातून कोणीतरी एखादी गोळी कागदात बांधून आणतो, ती धान्यात खुपसतो आणि त्याच खोलीत रात्री पोरेबाळे झोपतात. हवेतील ओलाव्याने त्या गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो. तो किडीला जसा मारतो तसा माणसालाही मारतो, आणि त्यावर उतारा नाही. हे शब्दशः घ्या : दवाखान्यात नेले तरी त्यावर देण्यासाठी प्रतिविष अस्तित्वात नाही. ही गोळी घरगुती वापरासाठी नाहीच. बंदिस्त गोदामात, प्रशिक्षित व परवानाधारक माणसांनीच धुरीकरण करावे, असा नियम आहे. पाच-पंचवीस किलो तुरीसाठी घरात ती गोळी आणणे म्हणजे भुंगेऱ्याच्या मागे लागून घर पणाला लावणे होय. पारदगोळ्यांचेही तेच, पाऱ्याला अन्नात स्थान नाही. घरातील तूर वाचवायला पाच-दहा मिलिलिटर खाद्यतेल प्रति किलो चोळून ठेवले तरी अंडी रुजत नाहीत. लवकर डाळ करून ठेवली तर अख्ख्या दाण्यावर पोसणाऱ्या या भुंगेऱ्याचा आधारच तुटतो. आपल्या आज्या चाळलेली कोरडी राख वापरत, तीही दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि किडीचे अंग वाळवते. गोळीवाचून अडते, असे एकही कारण मला आजवर दिसलेले नाही.

जास्त माल असेल तर

एक क्विंटल तुरीला पाच लिटरच्या पंचवीस बरण्या लागतील, तेव्हा तो नाद सोडा. सोयाबीनच्या बियाण्यालाही, एकरी तीस किलोच्या हिशोबाने, बरणी अपुरी पडते. तेथे मघाशी सांगितलेली तिहेरी पिशवी कामाची. आत ८० मायक्रॉन जाडीच्या दोन पिशव्या, बाहेर पोते. माल गच्च भरावा, हाताने दाबून वरची हवा काढावी, आतल्या पिशवीचे तोंड पिळून, दुमडून सुतळीने बांधावे, मग दुसरीचे, मग पोत्याचे. येथे पंप नसतो. आतली कीडच उरलेला प्राणवायू संपवते आणि स्वतः संपते. म्हणून पहिले दोन महिने पिशवी उघडायची नाही, रोज मूठभर काढायला तर नाहीच. रोजच्या वापराचा माल वेगळा ठेवा. पिशवी भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा. उंदराने एक भोक पाडले की सगळी मेहनत त्या भोकातून जाते.

बरणीची खरी जागा मला विचाराल तर कांद्याच्या बियात आहे. हे बी महाग, अल्पायुषी आणि मापाने थोडे. एकराला तीन-चार किलो लागते, म्हणजे पाच लिटरच्या दोन बरण्यांत ते मावते. हंगामानंतर उरलेले बी पुढच्या वर्षी उगवत नाही म्हणून फेकून देतात किंवा, त्याहून वाईट, विकून टाकतात. चांगले वाळवून, हवा काढून, घरातील सर्वांत थंड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले तर त्याला पुढचा हंगाम गाठता येतो. पण बरणीवर भरवसा ठेवून थेट वाफे टाकू नका. पेरणीच्या तीन आठवडे आधी शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, गोणपाट सावलीत ओलसर ठेवा आणि कांद्याचे मोड बारा दिवसांनी, हरभऱ्याचे आठ दिवसांनी मोजा. कांद्याला किमान ७० टक्के, तुरीला ७५ टक्के आणि हरभऱ्याला ८५ टक्के उगवण ही प्रमाणित बियाण्याची पातळी आहे. त्याहून कमी भरली तर त्या प्रमाणात बी वाढवा, निम्म्यावर आली तर दुसरे बी शोधायला अजून तीन आठवडे हातात आहेत.

बरणी उघडताना झाकण सुरीने उचकटू नका, कड वाकली की ते पुन्हा बसत नाही. रबराची कड नखाने हळूच उचला, सूं आवाज करून हवा आत जाईल आणि झाकण सहज फिरेल. तो आवाज आला नाही, तर आतील माल ताटात ओतून, उजेडात नीट पाहूनच वापरायला घ्या. बियाण्याची बरणी पावसाळ्यात उघडावी लागली तर कोरड्या दुपारी उघडा, हवे तेवढे बी काढा आणि तेथेच उभ्या उभ्या पुन्हा हवा ओढून ठेवा.